उन्हाची सोय

घरात पाळलेल्या दाढीवाल्या सरड्यासाठी उन्हाचं काम करणारा दिवा निवडायला लेकाने ऑफिसातून चक्क रजा घेतली होती. वेटोळ्याचा बल्ब नको, त्याने म्हणे डोळे बिघडतात. लांब ट्यूबच हवी, तीही सरड्याच्या पाठीपासून बरोबर एक फूट उंच. टेप लावून तिसऱ्यांदा मोजणं चाललं होतं.

वडील खिडकीजवळच्या खुर्चीतून हे कोडकौतुक पाहत होते. हाडं ठिसूळ झालीत, ऊन घ्या, असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून लेक त्यांना रोज तिथंच बसवायचा. खिडकी मात्र बंद. उघडली की सरड्याला वारा लागायचा.

"एवढा खटाटोप कशाला? माझ्याशेजारी ठेव त्याला. ऊन येतंय की."

लेकाला त्यांच्या अडाणीपणाची कीव आली. "बाबा, काचेतून नुसता उजेड येतो. हाडांना लागतं ते बाहेरच अडतं. असं ठेवलं तर पाय वाकतील त्याचे. मुक्या जिवाचे हाल करायचे का?"

वडिलांनी बंद काचेकडे पाहिलं, मग आपल्या गुडघ्यांकडे. या खुर्चीत त्यांचा हा सहावा महिना होता.

"खरंय रे," हनुवटी चोळत ते म्हणाले, "मीही दाढी वाढवू का?"