पेल्याच्या तळाशी नाणं

आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जन्मलेलं वादळ अटलांटिक ओलांडून कॅरोलायनाच्या रोखाने निघालं, तेव्हा डार्लीनने घर सोडलं. फ्रीझरमध्ये लेकीच्या लग्नाची कोळंबी होती. होणारा जावई ट्रेव्हिस म्हणाला, “फ्रीझरमध्ये पेल्यातल्या बर्फावर नाणं मी ठेवतो, सासूबाई.” वीज बराच वेळ गेली की बर्फ वितळून नाणं बुडतं आणि वीज परत आली तरी तळाशीच गोठतं; मग कोळंबी फेकायचीच. परतल्यावर पाहिलं, तर नाणं तळाशी. डार्लीन कोळंबी फेकायला निघाली. “वीज गेलीच कुठे?” गावातच राहिलेला शेजारी ओटिस म्हणाला. “वादळ ऐनवेळी वळून थंड समुद्रात विरलं.” डार्लीनने ट्रेव्हिसकडे पाहिलं. “पाणी गोठल्यावर ठेवलंस ना नाणं?” “गोठेपर्यंत कोण थांबणार, सासूबाई?” “उतावळा नवरा.” ती हसत सुटली. लग्नात तिने तोच गोठलेला पेला जावयापुढे ठेवला. “नाणं हाती येईपर्यंत नवरीला हात लावायचा नाही.” ट्रेव्हिसने पेला उचलला आणि कोळंबीच्या रटरटत्या हंड्याशेजारी नेऊन ठेवला.