नामवंत थॉर्नबेक

बेझिल थॉर्नबेक नामवंतांची यादी वाचत होते आणि सभागृहातले नव्वद थॉर्नबेक टाळ्या पिटत होते. यॉर्कशरमधल्या या गावात दर मे महिन्यात या एकाच आडनावाची माणसं कुठून कुठून जमतात, चहा पितात आणि आपल्यात मोठं कोण कोण झालं ते ऐकतात. एक बिशप झाला. एक क्रिकेटपटू झाला. चौदावं नाव आलं कीथ थॉर्नबेक, खुनी. त्यालाही टाळ्या पडल्या. दबक्या, पण पडल्या! आता काय म्हणावं या लोकांना?

मागच्या रांगेतून मॉरीन ग्रिंडल उठल्या. कीथने मारलेली त्याची बायको, जिलियन, ही त्यांची एकुलती एक मुलगी.

"त्याचं नाव काढा."

"अहो बाई, तुमचं दुःख कळतं हो मला," बेझिल म्हणाले. ते मंडळाचे अध्यक्ष आणि कीथचे सख्खे काका. "पण त्याच्यावर दोन पुस्तकं निघालीत. इतिहास असा खोडता येत नाही."

"मग माझ्या जिलियनचं घाला. तीही थॉर्नबेक म्हणूनच मेली."

बेझिलनी नियमांची वही उघडली. "नियम चौथा. जन्माने थॉर्नबेक तोच थॉर्नबेक. लग्न करून आलेल्या आमच्यात धरत नाहीत. आमची हीसुद्धा नाही. काय गं, हिल्डा?"

हिल्डा किटलीतून चहा ओतत होती. तीही हसली, सगळेच हसले. मेल्यांना हसू आलं!

मॉरीन हसल्या नाहीत. "म्हणजे माझी पोर तुमची नव्हतीच?"

"कधीच नव्हती."

"तिच्यावर तुमचा काही हक्कही नाही?"

"कसला हक्क, बाई?"

"मग तसं लिहून द्या."

ब्याद टळते म्हटल्यावर बेझिलनी मंडळाच्या कागदावर भराभरा चार ओळी लिहिल्या, सही ठोकली, शिक्काही मारला.

मॉरीननी कागद दोनदा वाचला आणि पर्समध्ये ठेवला.

"नऊ वर्षं झाली, पाद्री म्हणतायत, जिलियनच्या थडग्यावरचं आडनाव काढायचं तर थॉर्नबेकांची परवानगी आणा. तो तुरुंगातून नाही म्हणतो, तुम्ही माझी पत्रं न उघडता परत पाठवता." त्यांनी कोट चढवला. "उद्या सकाळी पाथरवट येतोय."