एकट्या बायकांचा सज्जा

उरुग्वे नदीकाठच्या आमच्या जुन्या नाट्यगृहाची डागडुजी चालली आहे. सगळ्यात वरचा सज्जा एके काळी एकट्या आलेल्या बायकांसाठी राखलेला असे. तिथल्या खुर्च्यांना नवी मखमल चढवायचं काम माझ्याकडे आलं.

"आल्सिरा, एकटीला करमतं का गं वर?" मुकादम दार्विन खालून विचारायचा.

"मग ये की गप्पा मारायला!"

तो कधी आला नाही.

आमच्याकडे येर्बाचा कडू चहा सगळ्यांनी एकाच प्याल्यातून आळीपाळीने प्यायचा असतो. पुरे झालं की 'आभार' म्हणायचं. मग तुम्हाला वगळून प्याला पुढे जातो. मी एकटीच, म्हणून गमतीने शेजारच्या खुर्चीवर प्याला ठेवायला लागले.

चौथ्या दिवशी तिथून घोट ओढल्याचा आवाज आला. प्याला रिकामा होता. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. मी पुन्हा भरला.

आज मात्र ती खुर्ची कुणी बसल्यासारखी कुरकुरली. मी घाबरून "आभार" म्हणत उठले.

तेवढ्यात दार्विन जिना चढून आला. थेट माझ्याकडे बघत पुटपुटला, "गेली वाटतं घरी," आणि दाराला कुलूप लावून उतरला.

मी ओरडत राहिले. शेजारून कुणीतरी माझ्या हातात प्याला दिला. भरलेला, गरम.