नागूची फळी

मुंबईच्या गोदीत धाकू सुताराच्या हातून घडलेलं इंग्रजांचं शिडाचं लढाऊ जहाज कित्येक वर्षांनी डागडुजीला परतलं. त्यावर सुतार म्हणून गेलेला त्याचा डावखुरा मुलगा नागू मात्र कुठल्याशा बंदरात उतरला, तो पुन्हा चढलाच नाही म्हणे.

काढलेलं कुजकं लाकूड सुतारांनी जळणाला न्यायचं, ही गोदीची रीत. त्या संध्याकाळी धाकूने एकच फळी आणली. बायको ती चुलीत सारणार, तोच त्याने तिचा हात धरला.

"ही नको. तासताना पडलेले वाकसाचे घाव बघ, डाव्या हाताचे. माझ्या हातची नाही, वाटेत डागडुजी करताना आपल्या नागूनं बसवलीय."

तिने फळी मांडीवर घेतली. घावांवरून बोटं फिरवत ती बसून राहिली. चूल विझली.

"जाताना डावा हात सुजला होता त्याचा," ती म्हणाली. "बरा झाला म्हणायचा."