खाणीतला गोटा

वेल्समधल्या डोंगरात चार हजार वर्षांपूर्वी लोक तांबं कसं काढत, ते आश्लेषाची टीम करून बघत होती. खडकाला टेकवून लाकडं रचायची, जाळ करायचा, तापलेल्या खडकावर मडक्यातलं पाणी ओतायचं आणि तडा गेला की समुद्रकाठच्या गोट्याने ठोकायचं. ग्लासगोहून आलेले बाबा दोरीपलीकडे उभे होते. मागच्या महिन्यात आई गेली, तेव्हा क्रेमेटोरियममध्ये मडकं, पाणी, दगड काहीच अलाउड नव्हतं. एक बटण होतं. "मी नाही दाबणार," एवढंच बाबा म्हणाले होते. ते आश्लेषाने दाबलं. "बाबा, पाणी तुम्ही ओता," ती आता म्हणाली. बाबांनी मडकं घेतलं, खांद्यावर ठेवलं आणि तिच्याकडे पाठ करून थांबले. तिला कळलं. तिने गोटा उचलून मडक्याला भोक पाडलं. जाळामागे डोंगर होता, प्रदक्षिणा होईना. बाबा तीनदा या टोकापासून त्या टोकापर्यंत धार सांडत चालले. मग मागे न बघता त्यांनी मडकं सोडलं. "तुझा एक्सपेरिमेंट बिघडवला का गं मी?" बाबांनी विचारलं. "नाही बाबा. खडक नुसत्या जाळानेही फुटतो." संध्याकाळी सामान भरताना सहकाऱ्याने विचारलं, एक गोटा कमी कसा. आश्लेषाने बाबांच्या कोटाच्या जड झालेल्या खिशाकडे बघितलं. "तो राहू दे," ती म्हणाली. "आम्हाला दहा दिवस लागेल."