अडकलेलं चित्र

ताईंनी अंगठ्याने बटण दाबलं आणि किंचित मान हलवली. गुणीने हात वर केला.

पुन्हा अंगठा, पुन्हा मान, पुन्हा हात. शाळेच्या अडगळीच्या खोलीत दार लावून कानांची तपासणी चालली होती. शाळेत शांत अशी ही एकच खोली, कारण इथे कोणी शिकवत नसे. तुटका पृथ्वीगोल, गुंडाळलेले नकाशे, तीन पायांच्या खुर्च्या, आणि मधोमध डोक्यापेक्षा मोठा हेडफोन घालून बसलेली नऊ वर्षांची गुणी. हेडफोनमध्ये 'टुक' असा आवाज आला की हात वर करायचा, एवढीच परीक्षा.

तपासणीला येणाऱ्या आरोग्यसेविका ताई मनाने फार चांगल्या. पोरं हेडफोनला बिचकतात, म्हणून बटण दाबलं की त्या धीर द्यायला मान हलवत. गेली दोन वर्षं गुणी या मानेवरच पास झाली होती. यंदाही दोन्ही कानांपुढे 'उत्तम' पडलं.

गुणी हे नाव वर्गाच्या बाईंनी ठेवलेलं. वर्गात बडबडत नाही, खिडकीबाहेर बघत नाही, शिकवताना बाईंच्या तोंडावरून नजर काढत नाही; एकवीस वर्षांच्या नोकरीत बाईंना असं मूल पहिल्यांदाच मिळालं होतं. हजेरीला आधीच्या नंबरची मुलगी खाली बसली की गुणी उठून 'हजर' म्हणे. एक दिवस ती मुलगी आली नाही, तर गुणी बाईंच्या डोळ्यांसमोर बसून गैरहजर लागली. बाईंनी तो विसराळूपणात जमा केला.

पास होणं तिला भागच होतं. मागच्या वर्षी तिच्या बाकावरची मैत्रीण याच खोलीत ताईंकडे बघायचं सोडून हेडफोनच्या वायरशी खेळत बसली आणि नापास झाली. दोघींची खाणाखुणांची एक भाषा होती, ती बाकाखाली चालायची. आठ दिवसांत मैत्रिणीला लांबच्या वसतिगृहाच्या शाळेत नेलं. तेव्हापासून गुणी बाकाच्या अर्ध्याच भागावर बसते आणि उरलेला अर्धा रोज फडक्याने पुसते. नापास झालं की आईपासून उचलून नेतात, हे तिला पक्कं कळलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं. तिला बहुतेक गोष्टी न सांगताच कळत.

यंदा मात्र कागदावर एक नवा रकाना आला होता : 'डॉक्टरांशी संवाद झाला / नाही'. पास झालेल्यांचीही त्यातून सुटका नव्हती. ताईंनी गुणीचा हेडफोन काढला आणि जुन्या वह्यांच्या गठ्ठ्याला टेकवून टॅब उभा केला. बाई मागे दाराशी उभ्या राहिल्या. शहरातल्या दवाखान्यातले कानाचे डॉक्टर पडद्यावर आले.

डॉक्टरांनी नाव विचारलं. गुणीने सांगितलं, गरजेपेक्षा जरा मोठ्याने. इयत्ता विचारली, तीही सांगितली. डॉक्टरांना मिशा नव्हत्या, त्यामुळे तिला काही अडचण आली नाही. ताईंनी 'झाला'वर खूण करायला पेन उचललं, तेवढ्यात पडद्यावर डॉक्टर थिजले. तोंड अर्धवट उघडं, एक भुवई वर. आवाज मात्र ठणठणीत येत होता. घरी कोण कोण असतं, असं तो विचारत होता.

गुणी त्या उघड्या तोंडाकडे बघत राहिली. मोठी माणसं बोलता बोलता विचारात पडतात, तेव्हा आपण थांबायचं असतं.

आवाजाने पुन्हा विचारलं. बाई मागून म्हणाल्या की लाजतेय ती, मुळातच कमी बोलते. ताई म्हणाल्या की सर, आवाज येतोय, पण तुमचं चित्र अडकलंय, नेटवर्कचं इथे रोजचंच आहे, आत्ता नीट करते. आणि त्यांनी टॅबकडे हात नेला.

"राहू द्या," डॉक्टरांचा आवाज आला. "अडकलेलंच राहू द्या."

तिकडून त्यांना खोली दिसत असावी.

"बाई, जरा तिथूनच हाक मारा तिला. वर्गात मारता तशी."

बाईंनी हाक मारली. मग जरा मोठ्याने मारली. तिसऱ्या हाकेला शेजारच्या वर्गातले पाढे थांबले.

गुणी पडद्यावरच्या उघड्या तोंडाकडे तशीच बघत होती. ते पुढे बोलू लागेल म्हणून, अगदी शहाण्यासारखी.

चौथी हाक बाईंना मारवली नाही.

"डॉक्टरसाहेब," त्या हळूच म्हणाल्या, "मी हिला गुणी म्हणत होते हो."

ताईंच्या पुढ्यात कागद होता. त्यावर यंदाचं आणि गेल्या दोन वर्षांचं 'उत्तम' एकाखाली एक होतं, तिन्ही वेळा त्यांच्याच सुवाच्य अक्षरात. ते वाचता वाचता त्यांची मान खाली गेली.

मान हललेली गुणीला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसली. तिने चटकन हात वर केला, आणि कोणाच्या नजरेतून सुटू नये म्हणून जरा वेळ तसाच ठेवला.