धाकटीची जागा

कातळाच्या फटीतली माती उकरलेली होती. एकही रोप शिल्लक नव्हतं.

सर गुडघ्यांवर बसले आणि फटीतून बोटं फिरवत राहिले. वय त्र्याहत्तर, एवढी चढण चढून आलेले, तरी पाणीसुद्धा मागितलं नाही. संग्रहपाल बाई त्यांच्या मागे उभ्या होत्या.

"चाळीस वर्षं कुणाला पत्ता लागू दिला नाही," सर म्हणाले. "तुमच्या जाळ्यानं सहा महिन्यांत निकाल लावला."

जाळं म्हणजे देशभरातल्या वनस्पतिसंग्रहांना जोडणारं जाळं. प्रत्येक संस्थेनं आपल्याकडच्या सुकवलेल्या झाडांचे फोटो काढायचे, झाड कुठं, कधी, कुणी गोळा केलं ते सांगणाऱ्या सोबतच्या चिठ्ठ्या टाइप करायच्या आणि सगळं सगळ्यांना बघायला खुलं करायचं. डांबरगोळ्यांच्या वासात पडून असलेले, झाडं चिकटवलेले साठ हजार ताव उजेडात यावेत म्हणून बाईंनी साहेबांचे उंबरे झिजवले होते.

सरांचा विरोध होता. ते बाईंचे गुरू. निम्मा संग्रह त्यांच्या पायपिटीतून उभा राहिलेला. मग एक दिवस आपणहून येऊन खुर्ची ओढून बसले. "माझं अक्षर तुमच्या बापालाही लागायचं नाही. द्या, वाचून दाखवतो."

धाकटी सरांनीच शोधलेली. वीतभर उंची, पांढरी फुलं. जगात त्या एकाच कातळावर सापडलेली. धाकटी हे त्यांनी ठेवलेलं लाडाचं नाव. सरांच्या बायको, काकू, हयात होत्या तेव्हा म्हणायच्या, "पोटच्या पोरींचे वाढदिवस विसरतील, पण हिच्या फुलायचा आठवडा चुकायचा नाही."

दुर्मिळ झाडांची जागा जाळ्यावर झाकून ठेवत. धाकटीची चिठ्ठी उघडी पाहिलेली माणसं तीनच. सर, बाई आणि तावांचे फोटो काढायला ठेवलेले फोटोवाले.

फोटोवाले आधी लग्नांचे फोटो काढायचे. तावावर दिवा धरत म्हणायचे, "नवरीपेक्षा हे बरं. ठेवलं तसं पडून राहतं, आणि फोटोत जाड दिसले म्हणून भांडत नाही." धाकटीचा फोटो काढल्यावर मात्र त्यांनी दिवा खाली ठेवला. मग म्हणाले, "ताई, एखाद्या रविवारी हिला जिवंत बघून येऊ का? लांबूनच बघेन." तेव्हा बाई नुसत्या हसल्या होत्या.

कातळ उतरताना सरांनी बाईंच्या खांद्याचा आधार घेतला. "मी कुणावर आळ घेत नाही. पण तू माणूस पारखून घ्यायला हवा होतास, पोरी."

दुसऱ्या दिवशी बाईंनी फोटोवाल्यांना बोलावून घेतलं.

"तुम्ही कातळावर गेला होतात?"

"गेलो होतो. दहा-बारा दिवसांपूर्वी. बायकोला दाखवायला."

बाईंना वाटलं होतं, ते नाही म्हणतील. "मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही नको म्हणाला असतात."

"आता तिथं एकही रोप नाही."

फोटोवाले हळूच स्टुलावर टेकले. "तेव्हा फुलं होती, ताई. हातसुद्धा लावला नाही मी."

"जागा आणखी कुणाला सांगितली?"

"कुणाला नाही."

"मग रोपं काय चालत गेली?"

बाईंनी कामावरून काढल्याचा कागद पुढे सरकवला. संध्याकाळच्या आत त्यांनी कॅमेरा आवरला. जाताना दारात थांबून म्हणाले, "दिव्यांची उंची बदलू नका. पुढच्या माणसाला त्रास होईल." बाईंनी मान वर केली नाही. आपण ज्याला घरचा समजलो त्यानंच घर फोडलं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

सर त्यानंतर आठवड्यातून एकदा हटकून यायचे. बाईंच्या समोर बसून समजूत घालायचे. "झालं ते झालं. राहिलेलं तरी सांभाळ." बाईंनी सरांचा सगळा संग्रह जाळ्यावरून काढून घेतला. कपाटांना कुलपं लागली. फोटोवाल्यांना पुढे कुठंच सरकारी काम मिळालं नाही, असं कुणीतरी सांगितलं. बाईंनी विषय बदलला.

दोन महिन्यांनी जाळ्याकडून एक निरोप आला. दूरच्या एका छोट्या संस्थेनं आपला संग्रह नुकताच खुला केला होता. आतापर्यंत ती संस्था जाळ्यात यायलाच तयार नव्हती. तिच्याकडे धाकटीचे नमुने होते, तेही यंदाचे.

बाईंनी निरोप दोनदा वाचला. यंदाचे. म्हणजे धाकटी आणखी कुठंतरी होती. त्यांनी पहिला फोन सरांना लावला.

"सर, धाकटी सापडली."

पलीकडे काहीच आवाज नाही. आनंदानं म्हाताऱ्याचं भान हरपलं असेल, असं बाईंना वाटलं.

"कुठं?" सरांनी विचारलं.

"थांबा, उघडते आहे."

मालक संस्थेनं परवानगी दिली तर दुसऱ्या संग्रहपालांना झाकलेली चिठ्ठीही बघता येते, आणि ती परवानगी निरोपासोबतच आली होती. बाईंनी आपला परवलीचा शब्द घातला. पडद्यावर एकामागून एक ताव उघडत गेले. मुळं जराही न तुटता पसरलेली, प्रत्येक फूल मायेनं उलगडून ठेवलेलं.

"पोरी, कुठं सापडली?"

बाईंनी चिठ्ठी मोठी केली. ते अक्षर त्यांना कुणी वाचून दाखवायची गरज नव्हती. जागा तोच कातळ. तारीख ते दोघं तिथं गेले त्याच्या आठ दिवस आधीची. खाली शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं: "सर्व रोपे मुळासकट स्वहस्ते काढली. आता या जागी कुणाला काही मिळणार नाही."